घिरट्यांचे भाग्य

जुलै 1998 मध्ये धुळे जिल्ह्याची वाटणी झाली. थोरल्याने शहाणपणाने गोंदूरची धावपट्टी स्वतःकडे ठेवली. धाकट्या नंदुरबारच्या पदरात सातपुडा, नर्मदेचा काठ आणि मिरचीच्या पथाऱ्या पडल्या. शिकाऊ विमानांच्या घरघरीला आम्ही मुकलो ते त्या वाटणीमुळे.

तिकडे चैन आहे. शिरपूरला विमानविद्येची शाळा आहेच, शिवाय गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लब. 1929 साली जे.आर.डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. पुढे क्लबाच्या मूळ ठिकाणी, जुहूच्या आभाळात गर्दी झाली आणि शिकवणीला मोकळे आभाळ हवे झाले. तो माल खानदेशात मुबलक. इतकी वर्षे नुसता पडून होता.

विद्येची रीतही सुरेख. धावपट्टीवरून उडायचे, डावीकडे वळायचे, पुन्हा डावीकडे, हजारेक फुटांवरून धावपट्टीला समांतर उलटे यायचे, आणखी दोनदा डावीकडे, चाके टेकवायची आणि न थांबता परत उडायचे. याला ‘टच अँड गो’ म्हणतात. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचे उड्डाण लागते, म्हणजे खालच्या घरांना पाहुण्यांचा तोटा नाही. मोठ्या विमानतळावरचे विमान एकदा गेले की गेले. हे बिचारे काही मिनिटांत पुन्हा कौलांवर हजर. कोणी म्हणतात, दुपारची झोप मोडते. झोपून कोणत्या जिल्ह्याचा विकास झाला?

आणि वारसा किती जपावा! मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे देशाने 2000 साली काढून टाकले. या छोट्या विमानांच्या पेट्रोलात मात्र ते अजून आहे, आणि खालच्यांना घरबसल्या, फुकट मिळते.

आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात. मागासलेली पद्धत. निघाले की थेट रस्ता गाठायचा, रस्त्यावरून दवाखाना. ना वळण, ना घिरटी, ना नुसते टेकून परत उडणे. पोहोचण्याचा एवढा हव्यास बरा नव्हे.

म्हणून थोरल्या घराला नम्र विनंती: वाटणी झाली ती झाली, धावपट्टी तुमच्याकडेच राहू द्या. आमच्याकडे उतरण्याची सोय नाही, पण तुमच्या विद्यार्थ्यांना तरी कुठे पोहोचायचे असते? त्या डाव्या वळणाचा घेर तेवढा शहाद्यापर्यंत वाढवा.