परवानाराव

शनिवारी रात्री सिएटलजवळच्या बेलव्ह्यूत आम्ही पाच मराठी टाळकी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला जमतो. या खेळाची मालक कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, पलीकडच्या रेंटनमध्ये. आम्हाला त्याचं काही नाही; आमच्यातल्या परवानारावांना मात्र ती भिंतीला कान लावून बसल्यासारखी वाटते.

परवानारावांचा छंद म्हणजे जुनी मॉड्यूल्स, म्हणजे छापील तयार साहसं, खेळाच्या पाचव्या आवृत्तीत बसवणं. काम हिशेबाचं. पूर्वी चिलखताचा आकडा जितका कमी तितका गडी टणक. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं उलटं. म्हणून जुना आकडा विसातून वजा. हे ते चहा गाळता गाळता करतात. घोडं अडतं पुढे.

“नियमांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो,” असं बजावून ते मूळचा एक शब्द घेत नाहीत. गेल्या महिन्यात चाळीस पानी रूपांतर आणलं. त्यात गोष्ट नाही, नकाशा नाही. नुसतं, ‘खोली 3 : मूळ पुस्तक पाहा. तेच दोघे. संरक्षण 15, प्राण 22.’ मूळ पुस्तक एकच, त्यांच्याच कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

बिहोल्डर हा राक्षस कंपनीने राखून ठेवलेला. त्यामुळे परवानाराव नाव घेत नाहीत. आजी आजोबांचा उल्लेख करायची त्या सुरात म्हणतात, “आणि दारातून अकरा डोळ्यांचे ‘हे’ आले.”

“अहो, घरात खेळायला परवाना कशाला?”

“सवय असावी.”

जानेवारी 2023 मध्ये इतरांना नियम वापरू देणारा 2000 सालचा खुला परवाना रद्द करायचा कंपनीचा मसुदा फुटला. खेळाडूंनी रान उठवलं. महिनाअखेर कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. आम्ही पेढे खाल्ले. परवानाराव परवाना वाचत बसले. श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, मुख्यतः एवढंच त्यात मागितलेलं. पण ते त्यांच्या अंगात भिनलं.

परवा त्यांनी चिवड्याचा डबा आणला. झाकणावर चिठ्ठी : ‘मूळ कृती : आई, सातारा. बदल केला आहे : पोह्यांऐवजी कॉर्नफ्लेक्स.’ तेवढ्यात आईंचाच व्हिडिओ कॉल आला. परवानारावांनी कौतुकाने डबा कॅमेऱ्यासमोर धरला.

“कॉर्नफ्लेक्स घालतोस आणि वर माझं नाव लावतोस? काढ ते आधी!”

आम्ही खाली माना घातल्या. परवानारावांचा चेहरा मात्र उजळला. “आहे! ही सोय आहे! मूळ हक्कदाराने सांगितलं तर नाव काढायचं. कलम तीन!”

आणि त्यांनी चिठ्ठी अलगद सोलून काढली. चिवडा खायची परवानगी मिळायला आणखी पाच मिनिटं लागली.