'ब्लडी'चा कुलवृत्तांत

इंग्रजीतील 'ब्लडी' या शब्दाचा सरळ अर्थ 'रक्ताळलेला' एवढाच असला, तरी बोलण्याला जोर आणणारी शिवी म्हणून तो सतराव्या शतकापासून रुळला आहे. 'बाय अवर लेडी', म्हणजे मेरीमातेची आण, जिभेवर झिजून हा शब्द झाला, असे सुशिक्षित मराठी गृहस्थ (प्रस्तुत लेखक त्यांत अग्रभागी) पंगतीत हटकून ऐकवतात, कारण त्यायोगे शिवीही देता येते आणि विद्वत्ताही मिरवता येते. कोशकारांना मात्र ही व्युत्पत्ती पटत नाही. दंगेखोर उमरावपुत्रांना लंडनात 'ब्लड' म्हणत. जॉर्ज एथरेजच्या १६७६ मधील नाटकात 'ब्लडी' हा शब्द मद्यपानालाच जोडून येतो. तेव्हा 'उमरावासारखा झिंगलेला' हा मूळ अर्थ अधिक संभवतो, म्हणजे पुढे ज्याला गावंढळ ठरवले तो शब्द मुळात खानदानीच निघतो!

जोनाथन स्विफ्ट या धर्मोपदेशकाने १७११ मध्ये उकाड्याचे वर्णन करताना तो पत्रात बिनदिक्कत लिहिला होता. व्हिक्टोरियाच्या काळात मात्र त्याच्या सावलीचाही विटाळ होऊ लागला. येथे गिल्बर्टचा किस्सा सांगितल्यावाचून प्रस्तुत लेखकास अन्न गोड लागत नाही. गिल्बर्ट-सलिव्हन यांचे 'रडीगोर' हे संगीत नाटक १८८७ मध्ये सॅव्हॉय नाट्यगृहात आले, तेव्हा नावात 'ब्लडी'चा वास येतो अशी ओरड होऊन त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर बदलावे लागले. 'रडी' म्हणजे लालबुंद, तेव्हा दोन्ही एकच नव्हे काय, असे एकाने हटकले असता गिल्बर्ट म्हणाला म्हणे, की आपल्या लालबुंद चेहऱ्याची मी स्तुती करीन, पण आपला 'ब्लडी चीक' मला खपणार नाही. 'चीक' म्हणजे गाल आणि आगाऊपणाही, हे समजावून सांगेपर्यंत पंगतीतील श्रोते ताकभातापर्यंत पोचलेले असतात, तरीही किस्सा आवरता घेतला जात नाही. १९१४ मध्ये शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील एलायझाने, म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'तील मंजुळेच्या इंग्रज पूर्वजेने, हाच शब्द लंडनच्या रंगमंचावर उच्चारला आणि प्रेक्षागृह हास्यकल्लोळात बुडाले.

हिंदुस्थानात हा शब्द गोऱ्या साहेबाच्या तोंडून नेटिवाच्या अंगावर आला, तेव्हा कोणी हसले नाही. साहेब गेला, शब्द राहिला. आणि मायबोलीत शिवी देणे असभ्य मानणारा देशी साहेब आज तोच शब्द शिपायावर, ड्रायव्हरवर, सोसायटीच्या वॉचमनवर निःसंकोच फेकतो. ऐकणाऱ्याला एथरेज ठाऊक नसतो, सूर मात्र नेमका कळतो. व्युत्पत्ती काहीही असो, ती शिवीच आहे.