कोणीही जिंका, पण दोघेही मारा

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला सामने सुरू झाले, की आपल्या क्लबच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडायची रीत आहे. हल्ली त्या गर्दीत दोन्ही संघांचं भलं चिंतणारी एक जमात निपजली आहे. सुसंस्कृतपणा म्हणून नव्हे. तिने ‘बीटीटीएस’वर पैसे लावलेत. दोन्ही संघ गोल करतील का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं. जिंकलं कोण, ही चौकशी फावल्या वेळात.

या पैजेचा न्याय न्यारा. ऑक्टोबर 2019 मध्ये लेस्टरने साउदॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर 9-0 असं धुतलं. नऊ गोल झाले आणि ‘हो’वाल्यांचे पैसे बुडाले! मार्च 2023 मध्ये लिव्हरपूलने मँचेस्टर युनायटेडवर सात चढवले, तेव्हाही तेच. उलट एखादा रटाळ 1-1, त्यातला एक गोल बचावपटूच्या ढोपराला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला, तरी पैज वसूल. त्यामुळे आपला संघ 3-0 ने पुढे असताना आपल्याच गोलरक्षकाला शेवटची दोन मिनिटं डुलकी लागावी, असं भल्याभल्या निष्ठावंतांना वाटू लागतं. बाद फेरीत आणखी गंमत. हिशेब नव्वद मिनिटं आणि पंचाने वर दिलेली मिनिटं एवढ्यापुरताच. जादा वेळेत 105 व्या मिनिटाला पडलेला गोल फक्त फुटबॉलसाठी असतो.

प्रीमियर लीगमध्ये निम्म्याच्या आगेमागे सामन्यांत दोन्हीकडून गोल होतात. म्हणजे छापा की काटा, असं वाटतं ना? मग भाव बघा. समजा ‘हो’ला 1.80 आणि ‘नाही’ला 1.95. काहीही झालं तरी शंभर पौंड हातात पडावेत म्हणून दोन्ही बाजूंना पैसे लावायला गेलात, तर खिशातून जातात जवळपास 107. वरचे सात बुकीचे. त्याला कोणाच्याच गोलासाठी देव पाण्यात घालावे लागत नाहीत.

सात फारच कमी वाटत असतील, तर त्याचीही सोय आहे. चार सामन्यांची माळ करायची. चारही ठिकाणी ‘हो’ आलं तर घबाड. जाहिरातीत घबाडच दिसतं. त्याच तऱ्हेचे भाव चारदा गुणले, की बुकीचा कापही चारदा लागतो आणि लावलेल्या शंभरातले सरासरी तेवीस त्याच्याकडे राहतात, हे गणित मात्र गिऱ्हाइकाने घरी करायचं.

सट्टा खेळाडूंनाही सुटत नाही. मे 2023 मध्ये ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीवर इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आठ महिन्यांची बंदी घातली. सट्ट्याचे नियम त्याने 232 वेळा मोडले होते, तेव्हा शिक्षा व्हायलाच हवी होती. तो जी घालून खेळत होता ती जर्सी मात्र बघण्यासारखी: छातीवर बेटिंग कंपनीचं नाव. क्लबच्या मालकाने तर पैसाच सट्ट्याच्या आकडेमोडीतून कमावलेला. बंदीच्या महिनाभर आधीच प्रीमियर लीगच्या क्लबांनी मिळून ठरवलं होतं, की बेटिंग कंपन्यांची नावं छातीवरून काढायची. लगेच नव्हे, 2025-26 चा हंगाम उरकल्यावर. बाहीवर चालतील.