कुणाला काय आणायचं?

युरोपच्या सहलीत काय पाहायचं ते सहल कंपनी ठरवते. कुणाला काय आणायचं, ही यादी मात्र घरीच तयार होते आणि जास्त काटेकोरपणे पाळली जाते.

स्वित्झर्लंडहून मावशीला टोब्लेरॉन चॉकलेट आणायचं, यात मतभेद नाहीत. आता स्विस कायदा मोठा खडूस. २०१७ पासून, दुधाचे पदार्थ ‘स्विस’ म्हणून मिरवायचे तर दूध शंभर टक्के तिथलंच लागतं, मुख्य प्रक्रियाही तिथेच व्हावी लागते. टोब्लेरॉनचं काही उत्पादन स्लोव्हाकियाला न्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये वेष्टनावरचं मॅटरहॉर्न शिखर उतरवावं लागलं. त्याजागी आला एक डोंगर. कुठलाही. मावशीला हे सांगायची गरज नाही. हेच चॉकलेट मुंबईतही मिळतं, हे तर मुळीच नाही.

भावजींसाठी कुकू घड्याळ. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या दुकानांत ते दिमाखात टांगलेलं असतं, परंपरा मात्र जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची. ऑफिसातल्यांची बोळवण आयफेलच्या कीचेनवर! ३३० मीटरचा टॉवर डझनाच्या भावात, तोही घासाघीस करून.

सिंगापूरला निघालेला एखादा भाचा मात्र आत्याला आधी फोन करून विचारतो. तिला टायगर बाम हवा असतो. तोही मूळचा रंगूनचा, सिंगापूरला नंतर आलेला. पण आत्याच्या गुडघ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. डबी संपते, ती दुसरी मागवते. भावजींच्या भिंतीवरच्या कोकिळेला किल्ली कुणी द्यायची, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.