सव्वा किलोची थंडाई
इंटेलचा आय-नाइन १४९००के प्रोसेसर कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावायची आणि २५३ वॉट वीज खायची मुभा घेऊन येतो. तरी त्याला आणखी पळवल्याशिवाय काहींना झोप लागत नाही. मग लॅमिंग्टन रोडवर कूलरचा शोध सुरू होतो आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५ हाती पडतो: दोन पंख्यांसह वजन १३२० ग्रॅम, उंची १६५ मिलिमीटर, रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. घरी आणल्यावर कॅबिनेटचं झाकण लागत नाही. नवं कॅबिनेट येतं. पुढच्या पंख्याखाली जागा जेमतेम ३२ मिलिमीटर, म्हणून रंगीत दिव्यांची उंच रॅमही बदलते. हौसेला मोल नसतं म्हणतात. बिलाला मात्र असतं. एवढं करून हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, हे काही खोक्यावर छापलेलं नसतं. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असताना त्या बिचाऱ्यानं थंडावा आणायचा कुठून? तेव्हा मंडळी, आधी मोजपट्टीनं कॅबिनेट मोजा. आणि वेग वाढवण्याआधी व्होल्टेज जरा कमी करून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.