एकाने काय होतंय?

डोंबिवलीत ज्याला डायबेटिस होतो त्याने त्याबद्दल काही वाचायची गरज नसते. बाकीच्यांनी वाचलेलं असतं. तळमजल्यावरच्या काकांना मेथीदाणे किती घ्यायचे आणि किती वेळ भिजवायचे ते पाठ असतं. समोरच्या वहिनींकडे जांभळाच्या बियांची पूड बरणी भरून तयार असते. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले गृहस्थ विजयसारच्या लाकडी पेल्यातलं पाणी पिऊन मेव्हण्याचं इन्सुलिन कसं सुटलं ते दिवा स्टेशन मागे पडल्यापासून मुलुंड येईपर्यंत सांगतात. आणि हीच सगळी विद्वान मंडळी श्रावण लागला की हातात ताटली घेऊन दारात हजर. "घ्या हो, एकाने काय होतंय?"

या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला नको असतं, म्हणून ते इथे देतो.

गणपतीत पाच-सात घरी दर्शनाला जावंच लागतं, आणि प्रत्येक घराचा 'एक' स्वतंत्र असतो. ठाण्याला नौपाड्यात मावशीकडे एक मोदक, चरईत आत्याकडे एक, कल्याणला टिळक चौकात मामांकडे एक. डोंबिवलीत परतल्यावर सोसायटीच्या मंडपात आणखी एक, कारण प्रसादाला नाही म्हणू नये. प्रत्येक यजमानाच्या हिशेबाने आपण दिवसभरात एकच मोदक खाल्लेला असतो. नात्यागोत्याचं भान नसलेला ग्लुकोमीटर तेवढा बेरीज करतो.

त्यात "गुळाचा आहे हो, साखर चिमूटभरसुद्धा नाही." हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर आयुर्वेदाचं तेज येतं. गूळही उसाच्याच रसाचा. त्यात बहुतांश साखरच असते, सोबत थोडं लोह, थोडी खनिजं आणि भरपूर आत्मविश्वास. वर मोदकाची पारी तांदळाची, तिचीही पोटात जाऊन साखरच होते. खजुराचा लाडू, मधातली चिक्की, 'घरचं तूप घातलंय' म्हणून निर्दोष सुटलेला शिरा, सगळ्यांची कैफियत हीच. अलीकडे पुरणपोळीलाही वकील मिळालाय. पुरणात डाळ असते, डाळीत प्रोटीन असतं, म्हणून पुरणपोळी डाएटमध्ये बसते म्हणे.

गौरीच्या जेवणाला तर वादाला वावच नसतो. वाढणाऱ्या मामी पंगतीच्या टोकापासूनच तुमच्यावर नजर ठेवून येतात. तुम्ही ताटावर आडवा हात धरता. पोळी हातावर पडते. हात काढून घेईपर्यंत तिच्यावर तुपाची धार सुटलेली असते, आणि मनगटावरून ओघळणारं तूप पुसत तुम्ही "अहो मामी, शुगर…" एवढंच म्हणता. मामी पुढच्या ताटापाशी पोचलेल्या असतात. तिथून त्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगतात, "आमच्याही ह्यांना आहे, पण गौरीच्या दिवशी काही होत नाही." कोणत्या दिवशी काय होतं याचं वेळापत्रक आपल्याकडे आजारापेक्षा पंचांगावर ठरतं.

यंदाचं पंचांग तर जावयांच्या मुळावरच आलं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. अनारसा म्हणजे तांदूळ, गूळ आणि तळण अशी तिहेरी युती. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.७ ते ६.४, म्हणजे ज्याला दवाखान्याबाहेर 'बॉर्डरवर आहे' म्हणतात, असे कितीतरी जावई त्या महिन्यात सासुरवाडीच्या प्रेमापोटी बॉर्डर ओलांडून पलीकडे गेले असतील. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख माणसं बॉर्डरवर उभी आहेत. देशाच्या खऱ्या सीमेवरही एवढी फौज नाही.

आता कुणी म्हणेल, शुगर-फ्री मिठाई आहे की. आहे ना. दिवाळीच्या आठवड्यात ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या मिठाईच्या दुकानात तिचा वेगळा काउंटर असतो आणि त्यावर हिरवं पान छापलेली पाटी. शुगर-फ्री काजूकतली, शुगर-फ्री मोतीचूर. साखर काढलेली असते, पण मोतीचुरातलं बेसन, बर्फीतला खवा आणि सगळीकडचं तूप आपापल्या जागी शाबूत. शुगर-फ्रीचा खरा परिणाम मनावर होतो. साधी काजूकतली दोन तुकड्यांवर थांबणारा माणूस शुगर-फ्रीचा पाव किलोचा डबा औषध म्हणून संपवतो.

या सगळ्यातून घराबाहेर पडून सुटका होईल म्हणावं तर लोकल आहेच. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा लागतात, दाराशी देवीची तसबीर, आरती, टाळ्या. ठाण्याच्या आत पेढ्याचा बॉक्स डोक्यांवरून फिरायला लागतो. तुमचा एक हात वरच्या हँडलला, दुसरा दोन बॅगांच्या मधे अडकलेला. ग्रुपमधल्या कुणाला तरी तुमची अडचण कळते आणि तो पेढा सरळ तुमच्या तोंडात घालतो. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढं त्याला पुरलं. घाटकोपरला बॉक्स परत येतो. "काका राहिले का कोण?" डब्यात दोन काका असतात, दोघेही डायबेटिसवाले, आणि दोघांनाही दुसऱ्यांदा मिळतो.

गोड नको म्हणून जे उपवास धरतात त्यांची गोष्ट वेगळी. नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीची रांग, कल्याणात दुर्गाडीच्या चढावरची रांग, आणि दोन्हीकडून परतणाऱ्या भाविकांच्या घरी नऊ दिवस साबुदाणा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्टमय पदार्थ असतात; प्रथिनं नावालाही नाहीत. ज्या कंदापासून तो होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे गोणी येते ती बहुधा तमिळनाडूतल्या सेलमकडून. हे पोर्तुगीजांबरोबर आलेलं कंदमूळ उपवासाला चालतं आणि इथली ज्वारीची भाकरी मोडते, हा निर्णय कोणत्या धर्मसभेत झाला ते विचारायची सोय नाही. खिचडीच्या जोडीला रताळ्याच्या गोड चकत्या, वरीचा भात, बटाट्याचा कीस, रात्री फराळी मिसळ. असा उपवास केलेल्या माणसाची शुगर पाहून डॉक्टर विचारतात, "कुठे लग्न होतं का?"

दुसरा प्रकार खरोखर उपाशी राहणाऱ्यांचा. सकाळची गोळी घ्यायची, कारण गोळी चुकवायची नाही असं सांगितलंय. जेवायचं नाही, कारण उपवास आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात आणि वर काहीच नाही, तर शुगर ७० च्या खाली यायला वेळ लागत नाही. मग परतीच्या कल्याण लोकलमध्ये माणसाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, तो वेड्यासारखं काहीबाही बोलायला लागतो. लोक धावून येतात. कुणी खिडकी देतं, कुणी पेपरने वारा घालतं. गळ्यातलं कार्ड पाहून कुणीतरी ओरडतं, "अरे, डायबेटिस आहे यांना!" आणि ज्याने आत्ताच बॅगेतून लाडू काढला होता तो घाईघाईने परत ठेवतो. "मग गोड नको हं." वर्षभर जे ऐकण्यासाठी पेशंट तरसला, ते त्याला नेमकं या क्षणी ऐकायला मिळतं. खरं तर तेव्हाच त्याला साखर हवी असते: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, तेवढं म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, माणूस शुद्धीवर आणि गिळता येत असेल तर. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. लाडवातलं तूप साखर रक्तात हळू उतरू देतं, म्हणून साखरपाणी बरं. पण काहीच नसेल तर लाडूही चालेल. आणि उपवास धरायचाच असेल तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारायचं. देवी त्याने रागावत नाही.

डाएटवाल्यांची एक शाखा इथे फार मजबूत आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका. मूळ कल्पना नागपूरच्या श्रीकांत जिचकारांची. डोंबिवलीने यातली ५५ मिनिटं घेतली. घड्याळ लावून बसायचं आणि त्या मुदतीत पुरणपोळी, श्रीखंड, दोन जिलब्या, भजी आणि शेवटच्या मिनिटाला आईस्क्रीम. गोड कमी करा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हेही दीक्षितांनी सांगितलंय, पण तो भाग बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवताना गळला.

चालायचं म्हटलं तरी कुठे, हा प्रश्न आहेच. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालून दाखवणाऱ्याचा महापालिकेने सत्कार करावा. फुटपाथवर कंदिलांचे स्टॉल, रस्त्यावर रिक्षा, आणि या दोहोंच्या मधल्या फटीतून आपण, हातात रांगोळीच्या पिशव्या. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर सगळं गाव नटूनथटून जमतं; तिथे तर आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी शुगरचा चढ उतरतो, हे खरं आहे आणि सोपंही. त्यासाठी ठाण्याला तलावपाळी आहे, उपवन आहे, कल्याणला काळा तलाव आहे. तिथे सकाळी कारल्याचा रस पिणाऱ्यांची गर्दी असते. रस कडू लागतो म्हणून वर मिसळ खायला जातात.

सरकारने मात्र हातपाय हलवले. २०२५ च्या जुलैत बातमी फुटली की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खाद्यपदार्थांत तेल आणि साखर किती असते ते दाखवणारे फलक सरकारी कार्यालयांत लावायला सांगितलंय. बातमीत नागपूरच्या एम्सचं नाव होतं. दोन दिवसांत देशभर हाकाटी झाली की आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा समोसा-जिलबीवर येणार. सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलंही लेबल नाही, फलक फक्त कामाच्या ठिकाणी. आमच्याकडे तो फलक लागला असता तरी घाबरण्याचं कारण नव्हतं. आठवड्याच्या आत त्यावर कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं बॅनर चढलं असतं, आणि बॅनरखाली भाऊ केक कापत असते.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मिठाईवर तो आधीपासूनच ५ टक्के. आता पेढा आणि पेढ्याने काय केलं ते मोजणारी पट्टी, दोन्ही सरकारदरबारी एकाच रांगेत. पट्ट्या स्वस्त झाल्या हे चांगलंच झालं. पण सणात मोजतो कोण? सणातली शुगर 'दिवाळीनंतर बघू' या सदरात जमा होते.

दिवाळीनंतर म्हणजे काय, ते सांगतो. लॅबमध्ये जाण्याआधी दोन दिवस माणूस भाकरी आणि दुधीवर राहतो, फास्टिंग बरी येते, आणि तो कागद नातेवाइकांना दाखवून पुन्हा फराळाकडे वळतो. ही युक्ती तीन महिन्यांच्या शुगरपुढे चालत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर चिकटवून फिरतात. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा.

यंदाच्या तारखा पाहा. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस. त्या दिवशी मोफत तपासणीची शिबिरं लागतात. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. म्हणजे १४ तारखेला शिबिरात जो हात पुढे करेल त्याच्या रक्तात तीन महिने मागचा, १३ ऑगस्टला लागलेल्या श्रावणापासूनचा सगळा हिशेब असेल: नारळीभात, १४ सप्टेंबरच्या गणपतीचे मोदक, गौरीची पोळी, साबुदाणा, लोकलमधला पेढा, कोजागिरीचं दूध, चकलीसोबतचा बेसनलाडू आणि ओवाळणीच्या ताटातली बर्फी. डॉक्टर कागद बघून गोळी वाढवतील. पेशंट म्हणेल, "अहो, मी तर एकेकच खाल्लं."

तेव्हा ज्यांना आहे त्यांनी तीन महिन्यांची शुगर गणपतीच्या आधीच तपासून घ्यावी, दिवाळीसाठी गोळ्यांचं काय ते डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि बॅगेत ग्लुकोजची पुडी ठेवावी. आणि ज्यांना नाही त्या मामींना, काकांना, वहिनींना हात जोडून विनंती आहे: पाहुणा नको म्हणाला की पातेलं पुढच्या ताटाकडे न्या. त्याला काकडीची कोशिंबीर वाढा, ती कुणी वाढतच नाही.