सात विजयांचा भुर्दंड

युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेने १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांना एकत्र आणून जी गीतस्पर्धा सुरू केली, ती पुढे ‘युरोव्हिजन’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. प्रत्येक देशाने एक नवे गीत पाठवावे, ते तीन मिनिटांपेक्षा लांबू नये आणि स्वतःच्या गीताला स्वतःच मते देऊ नयेत, हे तिचे प्रमुख नियम होत. परंतु स्पर्धेचा खरा कणा असलेला संकेत निराळाच आहे. विजेत्या देशाला रोख बक्षीस मिळत नाही, तर रूढीप्रमाणे पुढील वर्षीचे यजमानपद मिळते, म्हणजे साऱ्या युरोपाच्या वऱ्हाडासाठी मांडव घालणे, मानपान सांभाळणे आणि काही तासांचा सोहळा थेट प्रक्षेपित करून सर्व देशांच्या घराघरांत पोहोचवणे, हे सारे त्याच्या गळ्यात पडते. जावई नवसाने मिळावा आणि त्याचे दिवाळसण कर्ज काढून करावे लागावे, या अनुभवातून गेलेल्या समाजाला हे अर्थशास्त्र अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आयर्लंड हा या अर्थशास्त्राने सर्वाधिक गांजलेला देश होय. त्याची राष्ट्रीय प्रसारण संस्था ‘आरटीई’ ही दूरचित्रवाणी परवान्याच्या शुल्कावर आणि जाहिरातींवर चालते, तिच्यामागे लोकसंख्या बेताची, आणि तरीही १९७० ते १९९६ या काळात या देशाने ही स्पर्धा सात वेळा जिंकली, त्यांपैकी तीन वेळा तर लागोपाठ. स्वीडनने २०२३ मध्ये बरोबरी करेपर्यंत हा विक्रम अबाधित होता, आणि ज्या देशात तो झाला तेथे त्याच्याकडे अभिमानाने अधिक पाहिले गेले की धास्तीने, याचा निर्णय इतिहासकारांना अद्याप करता आलेला नाही.

या यशाची मीमांसा करताना आयरिश गळ्याची, आयरिश पावसाची आणि आयरिश दुःखाची थोरवी सांगण्याचा प्रघात आहे. व्याकरणाकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाने आपल्याच राष्ट्रभाषेत गावे असा दंडक होता, त्यामुळे फिनलंडचा गायक फिनिशमध्ये आणि पोर्तुगालचा पोर्तुगीजमध्ये हृदय पिळवटून गात असता परीक्षकांना त्यातील एक शब्दही कळत नसे, आणि आयर्लंडचा गायक मात्र विरहाची साधीशी तक्रार बहुतेकांना कळणाऱ्या इंग्रजीत मांडून मोकळा होई. ज्या इंग्रज सत्तेने शतकानुशतके राज्य करून मूळ आयरिश भाषा पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांत रेटली, तिच्याच भाषेने ही कमाई करून दिली, आणि आयर्लंडचे सातही विजय याच दंडकाच्या वर्षांत पडतात. आता हीच सवलत खुद्द ब्रिटनलाही होती, आणि त्याला आजवर पाचच विजय मिळाले आहेत, ही बाब आयर्लंडमध्ये तळटिपेत न टाकता ठळक अक्षरांत छापण्याजोगी मानली जाते.

मातृभाषेचा प्रयोग झालाच नाही असे नव्हे. राज्यघटनेनुसार आयरिश ही पहिली आणि इंग्रजी दुसरी राजभाषा असल्याने १९७२ मध्ये सँडी जोन्स या गायिकेला आयरिश भाषेतील गीत देऊन एडिंबरोला पाठवण्यात आले. अठरा देशांत गीत पंधरावे आले, आणि पहिल्या राजभाषेचा सन्मान त्या एका संध्याकाळीच आटोपून पुढील वर्षापासून दुसऱ्या राजभाषेची सेवा पूर्ववत सुरू झाली. मराठी वाचकाने येथे उगाच हसू नये.

पहिला विजय १९७० चा, आम्सटरडॅमचा. डेना नावाची अठरा वर्षांची शाळकरी मुलगी पांढरा आखूड झगा घालून एका उंच बैठकीवर बसली, आणि जगातील निरनिराळ्या गोष्टी पाहून प्रियकराची आठवण कशी येते याची यादी तिने अशा निरागसतेने सादर केली की ब्रिटनची मेरी हॉपकिन मागे पडली आणि स्पेनच्या बाजूने आलेला हुलिओ इग्लेसियास नावाचा तरुण चौथ्या क्रमांकावर राहिला. गीत लिहिणारे दोघे डब्लिनमधील एका वृत्तपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. विशेष म्हणजे ही मुलगी डेरी शहरातील, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंडची, आणि तिने स्वतंत्र आयर्लंडच्या वतीने ब्रिटनला हरवले. पुढे ती १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिसरी आली आणि १९९९ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेली. संसदेचे यजमानपद विजेत्याकडे येत नसल्याने त्या यशाचा बोजा कोणावर पडला नाही.

यानंतरचे पर्व जॉनी लोगनचे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या गृहस्थाने १९८० मध्ये शे हीली यांचे गीत गाऊन, १९८७ मध्ये स्वतः लिहिलेले गीत गाऊन आणि १९९२ मध्ये लिंडा मार्टिन हिच्यासाठी गीत लिहून आपल्या देशाच्या प्रसारण संस्थेला तीन वेळा खर्चात पाडले. गायक म्हणून दोनदा जिंकण्याचा त्याचा मान २०२३ पर्यंत दुसऱ्या कोणालाही मिळाला नव्हता. एका व्यक्तीने एका सार्वजनिक संस्थेवर इतका भार टाकल्याची उदाहरणे सहकारी बँकांच्या इतिहासाबाहेर विरळाच.

१९९३ च्या यजमानपदाची कथा अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे. लिंडा मार्टिन माल्मोला जिंकली त्याच रात्री कॉर्क परगण्यातील मिलस्ट्रीट या गावच्या नोएल डुगन नावाच्या व्यावसायिकाने आरटीईला पत्र लिहून आपले घोडेस्वारीचे छपरी मैदान फुकट देऊ केले. गावाची वस्ती दीड हजारांच्या आसपास, मैदानाचे नाव ‘ग्रीन ग्लेन्स’, आणि तेथील नेहमीचे पाहुणे म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे. राजधानी सोडून युरोपाचा सोहळा अशा ठिकाणी भरवण्याचा निर्णय घेतला गेला तेव्हा ब्रिटनच्या एका वृत्तनिवेदकाने त्या जागेची संभावना गुरांचा गोठा अशी केली आणि नंतर माफी मागितली. त्याने केलेली चूक प्राणिशास्त्रीय होती, कारण तेथे गुरे नव्हे तर घोडे असत. त्या रात्री वेढ्यात सापडलेल्या सारायेवोतून खरखरणाऱ्या दूरध्वनीवर बॉस्नियाची मते आली तेव्हा त्या तथाकथित गोठ्याने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि युरोपातल्या संगमरवरी सभागृहांना त्या काळात सारायेवोसाठी याहून फार अधिक काही करता आले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. एवढे सारे सुरळीत पार पडल्यावर आरटीईचे अधिकारी निर्धास्त होणार, तोच नीव्ह कॅव्हना हिने स्पर्धा पुन्हा आयर्लंडसाठी जिंकली.

१९९४ मध्ये, हरण्याची थोडी तरी शक्यता निर्माण व्हावी म्हणून मुद्दाम अगदी साधे गीत निवडले गेले, अशी वदंता आहे. संस्थेने अर्थातच ती कधी मान्य केली नाही, परंतु पुरावा विचारात घेण्यासारखा आहे: पॉल हॅरिंग्टन पियानोपाशी, चार्ली मॅकगेटिगन गिटार घेऊन शेजारी, वाद्यवृंदाची साथ नाही, नाच नाही, झगमगाट नाही, आणि विषय कोणता तर आपण तरुण होतो ते दिवस कसे गेले. दोन प्रौढ गृहस्थांनी गच्चीवर बसून काढावी तशी ही आठवण २२६ गुण घेऊन पहिली आली. दोनशेचा आकडा ओलांडणारे ते पहिलेच गीत, आणि दुसऱ्या आलेल्या पोलंडच्या तुलनेत त्याला साठ गुण अधिक होते. हरण्याचा प्रयत्न झाला असेलच, तर त्याच्या अपयशाला इतिहासात तोड नाही.

त्या रात्री आणखी एक अपघात घडला. मतमोजणीच्या वेळात प्रेक्षकांनी उठून जाऊ नये म्हणून मध्यंतरात काहीतरी दाखवावे लागते, आणि या जागेला साधारणपणे लग्नातल्या मंगलाष्टकांनंतरच्या सनईइतकेच लक्ष मिळते. बिल व्हेलन यांच्या संगीतावर बसवलेले ‘रिव्हरडान्स’ नावाचे सात मिनिटांचे आयरिश नृत्य त्या जागी आले: जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली पुढे, मागे नर्तकांची लांबच लांब रांग, कंबरेवरचे अंग जणू न्यायालयात साक्षीला उभे असावे तसे ताठ आणि कंबरेखाली बुटांचा एका ठेक्यात पडणारा पाऊस. सभागृह उभे राहिले. पुढील वर्षी त्याचा स्वतंत्र प्रयोग झाला आणि त्याने जगभर दौरे केले, तर जे दोन गायक त्या रात्री जिंकले त्यांची नावे आज प्रश्नमंजुषेत विचारली जातात. पंगतीत लोणच्याने मुख्य पक्वान्नाला मागे टाकण्याचा हा प्रकार होता.

लागोपाठ तिसऱ्यांदा यजमान झालेल्या आयर्लंडने १९९५ मध्ये अखेर स्पर्धा नॉर्वेला सोपवली. नॉर्वेच्या विजयी गीतात अवघे चोवीस शब्द होते आणि व्हायोलिन वाजवणारी फिनूला शेरी आयरिश होती, म्हणजे बिल नॉर्वेच्या नावावर चढवून विजय मात्र घरात ठेवण्याची सोय झाली होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यात यजमानपदाचा खर्च टळावा म्हणून आयर्लंड हेतुपुरस्सर सर्वांत टाकाऊ गीत निवडतो, आणि ते गीत एका घोड्याच्या प्रेमाखातर रचलेले असते. उपहासलेखकांनी त्याबद्दल स्वतःचे अभिनंदन करून घ्यावे इतकाही वेळ मिळाला नाही, कारण मे महिन्यात ओस्लोला इमर क्विन हिने देशाला सातवा विजय मिळवून दिला. वास्तवाने विनोदाला सहा आठवड्यांत गाठल्याचे हे उदाहरण सदरलेखकांच्या व्यवसायाला आजही जाचते.

मग १९९९ मध्ये भाषेचा दंडक उठला, ज्याला त्याला इंग्रजीत गाण्याची मुभा मिळाली आणि आयर्लंडची चिंता कायमची मिटली. २००७ मध्ये स्लायगोच्या ‘डर्विश’ या नावाजलेल्या लोकसंगीत समूहाला अंतिम फेरीत पाच गुण आणि शेवटचा क्रमांक मिळाला. पाचही गुण एकट्या अल्बेनियाचे, आणि त्यामुळे अल्बेनियाविषयी आयर्लंडमध्ये त्या आठवड्यात जे प्रेम उफाळले ते दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांना कधी साधले नव्हते. शेजारी देश एकमेकांना मते देतात अशी तक्रार तेव्हा जोरात होती, आणि ती करणाऱ्यांत ब्रिटनचे व आयर्लंडचे गुणांचे देणेघेणे नित्याचे मानणारेही होते. २००८ मध्ये डस्टिन नावाचा टर्की कोंबडा, म्हणजे हातात घालून चालवायची बाहुली, बाजारहाटाच्या ढकलगाडीत बसवून बेलग्रेडला पाठवण्यात आला. त्याची निवड करणाऱ्या कार्यक्रमात परीक्षक म्हणून स्वतः डेना बसली होती आणि तिला तो मुळीच रुचला नाही. उपांत्य फेरीत युरोपानेही तिच्याशी सहमती दर्शवली. २०१४ ते २०२५ या काळातील अकरा स्पर्धांपैकी केवळ दोनदा आयर्लंड अंतिम फेरीत पोहोचला, त्यात २०२४ मध्ये बॅम्बी थग या कलावंताने शिंगे, मेणबत्त्या आणि मंत्रतंत्राच्या सरंजामात सहावा क्रमांक मिळवला, आणि डब्लिनमधील काही हिशेबनीसांची झोप एका रात्रीपुरती उडाली असावी.

डिसेंबर २०२५ मध्ये आरटीईने पुढील वर्षीच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. गाझातील जीवितहानी पाहता इस्रायलसह त्या मंचावर जाणे योग्य ठरणार नाही अशी तिची भूमिका होती. स्पेन, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया यांनीही तेच केले, आणि या परिच्छेदात विनोदाला जागा नाही.

मिलस्ट्रीटचे ग्रीन ग्लेन्स मैदान मात्र आपल्या मूळ उद्योगाला लागलेले आहे. तेथे घोडे अडथळ्यांवरून उड्या मारतात, आडवी दांडी पडली की दोषांचे गुण चढतात, आणि त्या खेळात ज्याच्या नावापुढे शून्य लागते तो पहिला येतो.